फॅक्सवर आलेली निवृत्ती आणि १,४५७ यार्डांचा वाद

२७ जुलै १९९९. कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावच्या ‘विचिटा ईगल’ या वर्तमानपत्राकडे एक फॅक्स आला. पाठवणारा त्याच गावात लहानाचा मोठा झालेला बॅरी सँडर्स. डेट्रॉईट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, वय ३१, दहा हंगाम खेळलेला. खेळत राहण्याच्या इच्छेपेक्षा खेळ सोडण्याची इच्छा मोठी झाली आहे, म्हणून थांबतोय, असा त्याचा एकूण मतलब. पत्रकार परिषद नाही, कॅमेऱ्यासमोर डोळे पुसणं नाही. संघाचं सराव शिबिर तोंडावर आलेलं आणि हा गडी अटलांटिकपलीकडे लंडनमध्ये.

त्या दिवशी त्याच्या नावावर १५,२६९ यार्ड होते. धावून मिळवलेल्या यार्डांचा सर्वकालीन विक्रम वॉल्टर पेटनचा, १६,७२६. म्हणजे बरोबरीला १,४५७ कमी. आदल्या हंगामात, जो त्याच्या मानाने पडेलच म्हणायचा, त्याने १,४९१ काढले होते. तसंच आणखी एक पडेल वर्ष गेलं असतं तरी शेवटच्या सामन्यात तो पेटनच्या पुढे निघाला असता.

अमेरिकन फुटबॉलमधला सर्वांत मोठा रनिंग बॅक कोण, या वादात पाच-सहा नावं कायम फिरतात. जिम ब्राऊन, पेटन, सँडर्स, एमिट स्मिथ, मग एरिक डिकरसन, गेल सेयर्स. नावांची यादी लावण्यात मला फारसा रस नाही. मला रस आहे तो या एका फॅक्समध्ये, कारण ‘मोठा’ म्हणताना आपण नेमकं काय मोजतो, हे त्या फॅक्समुळे उघडं पडलं.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी दोन ओळी. मैदान १०० यार्डांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याकडे जातो. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, एकतर चेंडू फेकतो, नाहीतर मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हातात कोंबतो. मग समोरचे अकरा जण एकाच माणसावर तुटून पडतात. कबड्डीतला चढाईपटू डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच की ह्याला परत यायचं नसतं, आणि अंगावर येणारा प्रत्येक जण शंभर-सव्वाशे किलोचा असतो.

मी मिशिगनमध्ये आलो तेव्हा हे सगळं घडून दहाएक वर्षं लोटली होती. सँडर्स हे प्रकरण मला समजलं ते ओळखीतल्या एका काकांमुळे. मोटारधंद्यामुळे डेट्रॉईटच्या आसपास मराठी घरं बरीच. हे काका सत्तरच्या दशकात पुण्याहून इथे नोकरीला आले आणि इथलेच झाले. १९३४ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला लायन्सचा सामना असतो. त्या दिवशी काकांकडे टर्की नसते, मटणाचा रस्सा असतो, आणि मध्यंतरात हमखास हा वाद निघतो.

“अरे, तू त्याला खेळताना बघितलं नाहीस, म्हणून नुसते आकडे फेकतोस,” काका म्हणतात.

“आकडे नकोत, तर मग दरवेळी ते १,४५७ तुम्हीच का काढता, काका?”

ह्यावर ते रश्शाकडे वळतात.

काकांचं म्हणणं सोपं आहे. सँडर्स सर्वांत मोठा, विक्रम त्याचाच व्हायचा होता, संघाने त्याची माती केली. ह्यातलं पहिलं वाक्य मतभेदाचं आहे, दुसरं बहुतेक खरं आहे आणि तिसरं अर्धंच खरं आहे.

आधी खेळ. काकांच्या आग्रहाने मी जुन्या चित्रफिती बघायला बसलो आणि १९९४ च्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धच्या एका धावेवर अडकलो. सँडर्स चेंडू घेऊन गर्दीतून बाहेर पडतो. समोर हार्लन बार्नेट नावाचा बचावपटू, मोकळ्या जागेत, अगदी हाताच्या अंतरावर. सँडर्स एक पाय आत टाकतो, तो काढून घेतो, पुन्हा दुसरीकडे टाकतो. त्याला अंगाला हातही लावावा लागत नाही. बार्नेट जागच्या जागी गिरकी घेतो, पाठ फिरवून पुन्हा समोर येतो, तोवर सँडर्स निघून गेलेला. मी ती धाव सात-आठ वेळा मागे नेऊन पाहिली. उंची पाच फूट आठ इंच, मांड्या खांबासारख्या, आणि थांबण्याची अशी ताकद की पूर्ण वेगातला माणूस एका पावलात स्तब्ध होतो. पळणारे पुष्कळ असतात. असा थांबणारा मी दुसरा पाहिला नाही.

आणि टचडाउन झालं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, की नाच नाही, चेंडू आपटणं नाही. जवळच्या पंचाच्या हातात चेंडू द्यायचा आणि बाकाकडे चालू पडायचं. १९८९ च्या, म्हणजे पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात लीगमध्ये सर्वाधिक यार्डांचा मान मिळवायला त्याला मोजके दहा यार्ड कमी होते. सामना जिंकल्यात जमा होता. प्रशिक्षक वेन फाँट्स यांनी विचारलं, जातोस का परत आत? तो नको म्हणाला. मान कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेला गेला, १,४८० विरुद्ध १,४७०. दहा वर्षांनी लोक फॅक्स वाचून हादरले खरे, पण हा माणूस कसा आहे ते त्याने पहिल्याच वर्षी दाखवून ठेवलं होतं.

१९९७ हे त्याचं शिखर. पहिल्या दोन सामन्यांत मिळून फक्त ५३ यार्ड. त्यानंतर सलग १४ सामन्यांत प्रत्येकी शंभरच्या वर. त्यातला थँक्सगिव्हिंगचा सामना शिकागो बेअर्सशी होता. १६७ यार्ड, तीन टचडाउन, आणि त्याच दिवशी डिकरसनला मागे टाकून तो सर्वकालीन यादीत दुसरा झाला. काका तेव्हा पॉन्टिॲकच्या सिल्व्हरडोममध्ये होते आणि ते तिकीट त्यांनी अजून जपून ठेवलंय. शेवटच्या सामन्यात, २१ डिसेंबरला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध, २,००० चा टप्पा गाठायला १३१ हवे होते, त्याने १८४ काढले. हंगामाची बेरीज २,०५३, दर धावेमागे ६.१ यार्ड. सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला ग्रीन बेचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्हबरोबर वाटून मिळाला.

त्याच सामन्यात लायन्सचा तरुण खेळाडू रेजी ब्राऊन मानेच्या मणक्याला मार बसून मैदानावर निपचित पडला होता. त्याला तिथेच तोंडाने श्वास द्यावा लागला. तो वाचला, चालूही लागला, पण फुटबॉल संपलं. २,००० यार्डांच्या जल्लोषाबरोबर ही आठवण सांगणारे थोडे. सँडर्सने निवृत्तीचं कारण म्हणून हे कधी पुढे केल्याचं मला माहीत नाही, त्यामुळे मीही त्यातून काही काढत नाही. पण खेळ सोडणाऱ्याला ‘पळपुटा’ म्हणण्याआधी तो सामना पूर्ण बघावा.

आता संघाने माती केली, ह्या मुद्द्याकडे येऊ. सँडर्सच्या दहा वर्षांत लायन्स प्लेऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, सहा सामने खेळले आणि एकच जिंकले. तो एक म्हणजे जानेवारी १९९२ मध्ये डॅलस काउबॉइजविरुद्धचा, ३८-६. डिकरसन, स्मिथ, पेटन यांच्याशी तुलना निघाली की काका हाच पाढा वाचतात. त्यात भर म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत लायन्सची पद्धतच अशी होती की रनिंग बॅकसाठी वाट मोकळी करणारा फुलबॅक मैदानावर नसायचाच. डॅलसच्या एमिट स्मिथपुढे मात्र डॅरिल जॉन्स्टन होता, आणि लॅरी ॲलन, एरिक विल्यम्स, नेट न्यूटन अशी धिप्पाड फळी होती.

पण लायन्सच्या फळीतही लोमस ब्राऊन आणि केव्हिन ग्लोव्हर होते, आणि हे दोघं काही लिंबूटिंबू नव्हते. सँडर्सला टोचत होतं ते वेगळंच. असे सहकारी एकेक करून संघाबाहेर जात राहिले आणि हरण्याची सगळ्यांना सवय झाली, असं त्याने पुढे सांगितलं.

शिवाय एक गोष्ट काका कधीच काढत नाहीत. ३१ डिसेंबर १९९४, ग्रीन बे, प्लेऑफ. सँडर्स १३ वेळा चेंडू घेऊन धावला, मिळकत उणे एक यार्ड. होय, उणे. लायन्स १२-१६ हरले, म्हणजे एका चांगल्या धावेचं अंतर. हा निव्वळ अपघात नव्हता. सँडर्सची पद्धतच जुगाराची होती. मागे जा, वळसा घाल, फट शोध. सापडली तर पन्नास यार्ड, नाही तर दोन-तीन यार्ड गमावून खाली. दर धावेमागे पाच यार्ड ही त्याची सरासरी ह्या दोन टोकांमधून आलेली आहे. तिसऱ्या प्रयत्नात दोन यार्ड हवे असताना प्रशिक्षकाला सरासरी नको असते, दोन यार्ड हवे असतात. गोलरेषेजवळ तर लायन्स त्याला बऱ्याचदा बाहेरच बसवत.

आणि सगळ्यांत अडचणीची गोष्ट. १९९८ मध्ये सँडर्ससकट लायन्स ५ जिंकले, ११ हरले. १९९९ मध्ये, तो नसताना, ८ जिंकले, ८ हरले आणि चक्क प्लेऑफला गेले. एका वर्षावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे कबूल. तरी मी हे पहिल्यांदा काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

आता समोरच्या पक्षाचं पाहू. एमिट स्मिथने २७ ऑक्टोबर २००२ ला सिॲटलविरुद्ध पेटनला मागे टाकलं आणि पुढे १८,३५५ वर थांबला. ४,४०९ धावा, दर धावेमागे ४.२. सँडर्सच्या ३,०६२ धावा आणि ५.०. इथे कुणीतरी पाटीवर गुणाकार मांडतोच. सँडर्सला स्मिथइतक्या धावा मिळाल्या असत्या तर २१,९०० च्या वर गेला असता! हा हिशेब मला पटत नाही. १९९७ चे ६.१ यार्ड १९९८ मध्ये ४.३ वर आले होते. तिशी ओलांडलेल्या रनिंग बॅकचे पाय कुठल्या दिशेने जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. १,४५७ यार्ड त्याच्या आवाक्यात होते, ह्यात शंका नाही. स्मिथच्या बेरजेला पोचायला मात्र ३,०८६ लागले असते, म्हणजे १९९८ सारखे दोन हंगाम आणि वर थोडे. जमलंही असतं. पण ‘असतं’ला यार्ड मिळत नाहीत.

स्मिथच्या बेरजेला नुसतं संघाचं देणं म्हणणारेही मला खटकतात. २ जानेवारी १९९४ ला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध त्याचा खांदा निखळला. तशाच खांद्याने तो जादा वेळेपर्यंत खेळला, १६८ यार्ड धावला, वर दहा झेल. त्याच हंगामाच्या सुरुवातीला पगाराच्या वादामुळे तो दोन सामने बाहेर होता तेव्हा डॅलस दोन्ही हरलं आणि तो आल्यावर सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलं. फळी तीच होती ना? मग फळीच सगळं करत होती, हे कसं?

हे दोघं समोरासमोर आले त्यातला एक सामना काकांच्या विशेष आवडीचा. १९ सप्टेंबर १९९४, सोमवारची रात्र, डॅलसचंच मैदान. सँडर्स ४० धावा, १९४ यार्ड. स्मिथ १४३. लायन्स जादा वेळेत २०-१७ जिंकले. एरवी एका लांब उडीवर जगणारा सँडर्स त्या रात्री मजुरासारखा राबला. म्हणजे त्याला ते येत नव्हतं असं नाही.

वॉल्टर पेटनबद्दल लिहायला बसलं तर हे प्रकरण भरकटेल. १३ हंगामांत एकच सामना चुकला, ४९२ झेल, समोरच्याला आडवा करून दुसऱ्यासाठी वाट काढण्यात तो कुणालाही हार जात नसे, आणि वेळ पडली तर चेंडू फेकून आठ टचडाउनही दिले. १९७७ मध्ये अंगात ताप असताना मिनेसोटाविरुद्ध २७५ यार्ड काढले, जो तेव्हाचा एका सामन्यातला विक्रम होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याने आपल्या यकृताच्या आजाराची बातमी दिली आणि १ नोव्हेंबरला तो गेला. सँडर्स खेळत राहिला असता तर विक्रमाकडे जाणारा प्रवास नेमका त्याच महिन्यांत घडला असता. पेटनचा मान राखायला सँडर्स थांबला, अशी एक गोड वदंता तेव्हापासून आहे. सँडर्सने तसं म्हटलेलं नाही. विक्रमाचं आपल्याला फारसं काही वाटलं नाही, हेच तो सांगत आला. मला ते जास्त पटतं. ज्याने दहा यार्डांसाठी उठायला नकार दिला, तो १,४५७ साठी एक वर्ष का थांबेल?

गंमत म्हणजे हे सगळं आधी एकदा होऊन गेलं होतं, जवळपास त्याच जागी. जुलै १९६६ मध्ये क्लीव्हलँड ब्राऊन्सचा जिम ब्राऊन इंग्लंडमध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणात होता. काम लांबलं. संघमालक आर्ट मॉडेल यांनी शिबिराला न आल्यास दंड करू असं बजावलं. ब्राऊनने तिथूनच निवृत्ती जाहीर केली. वय ३०, नऊ हंगाम, आठ वेळा लीगमध्ये पहिला, ११८ सामन्यांत एकही गैरहजेरी नाही. १२,३१२ यार्ड, दर धावेमागे ५.२, दर सामन्यामागे १०४.३. मोठ्या कारकिर्दीत सामन्यामागे शंभराच्या वर राहिलेला आजवर तो एकटाच. सँडर्सचा आकडा ९९.८ आहे, हे लिहिताना माझंही मन जरा खट्टू होतं.

ब्राऊनचा विक्रम पेटनने १९८४ मध्ये मोडला. त्याआधी पिट्सबर्गचा फ्रँको हॅरिस त्या विक्रमाजवळ सरकत होता, तेव्हा चाळिशी उलटलेल्या ब्राऊनने परत मैदानात उतरण्याची भाषा केली होती. पुढे दोघांची ४० यार्डांची शर्यत खरोखर लागली आणि ब्राऊन हरला. हॅरिस विक्रमाला १९२ यार्ड कमी असताना थांबला. म्हणजे ‘सोडून गेलो, मला पर्वा नाही’ म्हणणाऱ्यालाही आकडा टोचतोच. सँडर्सला टोचल्याचं अजून तरी दिसलेलं नाही, आणि इथे तो ब्राऊनपेक्षा वेगळा ठरतो.

लायन्सनी त्याला सुखाने जाऊ दिलं नाही. १९९७ मध्ये सहा वर्षांचा करार करताना दिलेल्या १ कोटी १० लाख डॉलरच्या बोनसपैकी ५५ लाख त्यांनी परत मागितले. प्रकरण लवादापुढे गेलं आणि निकाल क्लबच्या बाजूने लागला. कायद्याने ते बरोबर असेल. पण जो माणूस फॅक्स पाठवून पाठ फिरवतो, त्याला परत आणायचा हा मार्ग नव्हे. याच क्लबने २०१६ मध्ये कॅल्विन जॉन्सन तिशीत निवृत्त झाला तेव्हा त्याच्याकडूनही पैसे वसूल केले. एकदा ठेच लागून शहाणं होणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

२०१० मध्ये लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, स्वतःच्या वाहिनीने सर्वकालीन शंभर खेळाडूंची यादी काढली. त्यात जिम ब्राऊन दुसरा, पेटन पाचवा, सँडर्स सतरावा, स्मिथ अठ्ठाविसावा. सर्वाधिक यार्डांचा मालक चौघांत शेवटी, आणि चौघांत सर्वांत कमी यार्डवाला सगळ्यांत वर! क्रिकेटच्या गप्पांत एकूण धावा की सरासरी ह्यावरून आपण घसे कोरडे करतो, तेच इथे. एकूण यार्डांचा विक्रम टिकून राहण्याचा असतो, उद्याही हजर होण्याचा. तो मान स्मिथचा आणि त्याने तो पुरेपूर कमावला. पण त्यालाच मोठेपणा म्हणायचं तर सँडर्सचा फॅक्स हा गुन्हा ठरतो. तो गुन्हा होता असं मला वाटत नाही.

माझा निकाल विचारला तर ब्राऊन पहिला, कारण आपल्या काळातल्या इतरांच्या एवढा पुढे दुसरा कुणीच नव्हता. रनिंग बॅकची सगळी कामं धरली तर पेटन दुसरा. चेंडू हातात आल्यावर पुढच्या चार सेकंदांत काय होतं एवढंच मोजायचं असेल, तर सँडर्सच्या जवळपास कुणी नाही. पण प्लेऑफमधली ती उणे एकची संध्याकाळ मी पुसून टाकू शकत नाही, म्हणून तो तिसरा. खुद्द सँडर्सचे वडील, विचिटात छपरं घालण्याचं काम करणारे विल्यम सँडर्स, आयुष्यभर सांगत आले की सर्वांत मोठा जिम ब्राऊनच. त्यामुळे काकांनी माझ्यावर रागावायचं काही कारण नाही. ते रागावतात.

सिल्व्हरडोम आता नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सुरुंग लावून तो पाडायचा प्रयत्न पहिल्या दिवशी फसला, दुसऱ्या दिवशी पडला. संघ २००२ पासून डेट्रॉईट शहरातल्या फोर्ड फील्डवर खेळतो. तिथे सँडर्स लायन्सकडून एकही सामना खेळलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच मैदानाबाहेर त्याचा पुतळा बसवला, चेंडू घेऊन पळतानाचा. त्यानंतर काही आठवड्यांनी मी काकांना तो बघायला घेऊन गेलो. त्यांनी चारी बाजूंनी फिरून बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

“पाय बरोबर जमलेत,” ते म्हणाले. “पण चेंडू पंचाकडे देताना दाखवायला हवा होता.”

मग आम्ही गाडी लावली होती तिकडे चालू लागलो. पार्किंगचे पैसे तासावर होते.